नाटकातल्या पात्रांच्या नात्यांतला बदल कुठे शोधायचा: संवादात की हालचालीत?

संवादाची वाट सोपी. संहितेतली संबोधनं अधोरेखित करा. 'बाबा, बाबा' करणारा मुलगा नुसत्या 'तुम्ही'वर येतो किंवा प्रश्न विचारणारी आई खुलासे देऊ लागते, तिथे रेघ मारा. मात्र 'मला काही वाटत नाही' हे वाक्य जसंच्या तसं खरं धरलंत की विश्लेषण फसलंच.

हालचाल वेळखाऊ, पण माझ्या मते जास्त भरवशाची. कोण बसलंय, कोण उभं, वडिलांच्या खुर्चीत आता कोण, हे पानागणिक टिपा. रंगसूचना, म्हणजे नाटककाराने हालचालींबद्दल लिहिलेल्या सूचना, त्रोटक असतील तर जपून. नाहीतर प्रयोगात दिसलेली दिग्दर्शकाची निवड नाटककाराच्या नावावर जमा होते. मुलगा 'निघतो' म्हणत खुर्ची ओढून बसतो, असा शब्द-कृतीत मेळ नसलेला क्षण सापडला, तर सर्वाधिक वेळ तिथेच द्या.