विल्यम बॅसिन्स्कीचे ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’: विनाइल टाळा, सलग ऐका

१९८० च्या दशकातल्या टेप-लूप्स, म्हणजे टोकं जोडून गोल फिरणाऱ्या टेपच्या पट्ट्या, २००१ मध्ये डिजिटल करताना अमेरिकन संगीतकार बॅसिन्स्कीच्या लक्षात आलं की त्या वाजता वाजता झडताहेत. प्लास्टिकच्या पट्टीवरची आयर्न ऑक्साइडची भुकटी धरून ठेवणारा चिकट थर जुना झाला, की टेप वाचणाऱ्या हेडवर घासल्यावर प्रत्येक फेरीत थोडी भुकटी सुटते. जिथे भुकटी नाही, तिथे आवाज नाही. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं नाही, वर थोडा रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) दिला. २००२-०३ मध्ये अल्बमचे चार खंड आले.

पहिल्या खंडातला ‘डीएलपी १.१’ तासाहून थोडा मोठा आहे. काही सेकंदांची तीच धून. बराच वेळ काहीच बदलत नाही असं वाटतं. मग एखादा सूर अर्ध्यातच तुटतो, पुढच्या फेरीत ती फट रुंदावलेली असते. आठवण विरण्याबद्दल इतकं नेमकं काम विरळाच!

विनाइल रेकॉर्डची एक बाजू साधारण वीस-पंचवीस मिनिटांची, म्हणजे हा ट्रॅक मध्येच कापला जातो. सीडी किंवा डाउनलोड घ्या. फोनच्या स्पीकरवर खालचे सूर गायब होतात, हेडफोन हवेतच. अ‍ॅपमधलं शफल आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळणं) बंद ठेवा, आणि शेवटी आवाज बारीक झाला म्हणून व्हॉल्यूम वाढवू नका. चारही खंड लागोपाठ ऐकण्यात मात्र अर्थ नाही, पहिल्यापुरते पैसे वसूल.