कॅनडात शिकून पीआर: स्कोअर वाढवायचा, प्रांत गाठायचा की फ्रेंच शिकायचं?

डिग्री घ्यायची, वर्षभर नोकरी करायची, मग पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा हक्क. कॅनडाला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात हे सरळ गणित असतं. काही वर्षांपूर्वी ते बऱ्यापैकी जमायचंही. आता जमत नाही, आणि ते कळेपर्यंत वर्क परमिटचं अर्धं आयुष्य निघून गेलेलं असतं. शिकून झाल्यावर पुढे तीन मुख्य रस्ते आहेत: कॅनडातल्या नोकरीच्या अनुभवावर चालणारा कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास म्हणजे सीईसी, प्रांताचं नॉमिनेशन म्हणजे प्रांताने केलेली शिफारस, आणि फ्रेंच भाषा. क्यूबेक स्वतःची माणसं स्वतःच्या नियमांनी निवडतो, म्हणून तो इथे बाजूला ठेवला आहे.

रस्ता कोणताही घ्या, घड्याळ एकच: पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट. ते आयुष्यात एकदाच मिळतं, जास्तीत जास्त ३ वर्षांचं. कोर्स ८ महिने ते २ वर्षांच्या मधला असेल, तर कोर्स जेवढा तेवढंच परमिट. मास्टर्सला मात्र फेब्रुवारी २०२४ पासून सवलत आहे; ते २ वर्षांपेक्षा कमी असलं तरी ३ वर्षं मिळतात. म्हणून एक वर्षाचा डिप्लोमा हा माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा कोर्स. फी कमी दिसते, पण सीईसीला लागणारा एक वर्षाचा अनुभव पुरा होईतो परमिटच संपतं. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना डिग्रीऐवजी डिप्लोमा करायचा असेल, तर विषय सरकारच्या यादीत आहे का हेही बघावं लागतं. आणि पासपोर्ट! परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीच्या पासपोर्टची चौदा महिने मुदत उरली होती, तिच्या हातात परमिटही चौदा महिन्यांचंच पडलं. पासपोर्ट नवा करून उरलेली मुदत नंतर मागता येते, पण ते महिने ती किती काळजीत होती ते मी बघितलं आहे.

सीईसीचं मोठं सुख म्हणजे तुम्ही कोणाच्या मेहरबानीवर नसता. शहर तुमचं, मालक तुमच्या पसंतीचा, खात्यात ठरावीक रक्कम दाखवायची अट नाही. गेल्या ३ वर्षांत कॅनडातल्या कुशल कामाचे १५६० तास हवेत. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम त्यात धरत नाहीत, स्वतःचा धंदाही नाही. कॅनडाचं सरकार कामांना ० ते ५ अशा पायऱ्या लावतं, त्यांना टीअर म्हणतात. कुशल म्हणजे टीअर ० ते ३, आणि ते ओळखायची खूण सोपी आहे: एनओसी या सरकारी यादीतला कामाचा पाच आकडी कोड घ्या आणि त्यातला दुसरा आकडा बघा. दुकानातल्या विक्रेत्याचा कोड ६४१००, म्हणजे टीअर ४. सीईसीत त्याचा एक तासही धरला जात नाही. त्याच दुकानातल्या सुपरवायझरचा ६२०१०, टीअर २. पण नुसतं पदाचं नाव बदलून भागत नाही, रोज प्रत्यक्ष काय काम करता ते तपासलं जातं. म्हणून नोकरी सोडतानाच कामं, तारखा, आठवड्याचे तास आणि पगार लिहिलेलं लेटरहेडवरचं पत्र मागून घ्या. दोन वर्षांनी तो मॅनेजर तिथे असेलच असं नाही.

पात्र ठरणं वेगळं आणि बोलावणं येणं वेगळं. केंद्र सरकारच्या एक्स्प्रेस एंट्री या पद्धतीत प्रत्येकाला गुण मिळतात, आणि दर ड्रॉमध्ये ठरावीक गुणांच्या वर असलेल्यांनाच बोलावतात. एक हिशोब मांडून बघू. एकटा अर्जदार, वय २७, वयाचे ११०. मास्टर्सचे १३५, ते कॅनडात केल्याचे ३०. आयईएलटीएसमध्ये ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७, म्हणजे सीएलबी या कॅनडाच्या इंग्रजीच्या मोजपट्टीवर ९, त्याचे १२४. एक वर्षाच्या कॅनेडियन नोकरीचे ४०. शिक्षण आणि भाषा दोन्ही चांगलं असल्याचे आणखी ५०. बेरीज ४८९. आणि २०२५ मध्ये सीईसीचा एकही ड्रॉ ५०० च्या खाली आला नाही. इतका चांगला मुलगाही बाहेरच राहिला! हाच मुलगा आधी भारतात दोन वर्षं नोकरी करून गेला असता, तर ५२७ वर असता. कॅनडात नोकरीचं दुसरं वर्ष भरलं की तो ५५२ वर जातो. थोडा अनुभव गाठीला बांधून मग शिकायला जा, असं मी कळकळीने सांगते ते याच आकड्यांमुळे. फक्त त्यात फार वर्षं घालवू नका, कारण एकोणतीस उलटलं की दर वाढदिवसाला पाच-सहा गुण गळतात.

प्रांताचं नॉमिनेशन एक्स्प्रेस एंट्रीतून मिळालं तर सरळ ६०० गुण मिळतात. मग ड्रॉची धाकधूक संपली. काही प्रांत टीअर ४ किंवा ५ ची कामंही घेतात. सीईसीचं दार बंद असलेल्यांना तिथेच आशा आहे. पण बहुतेक ठिकाणी नोकरीची ऑफर लागते आणि मालकाला कागदपत्रं भरावी लागतात. अशा नॉमिनेशनमध्ये मधेच नोकरी गेली तर प्रांत ते काढून घेऊ शकतो. पगारवाढ मागायलाही जीभ रेटत नाही, अशी दोन-दोन वर्षं काढलेले लोक मला माहीत आहेत. त्यात जागा केंद्र सरकारच्या हातात: देशभराचं लक्ष्य २०२४ मध्ये १,१०,००० होतं, २०२५ मध्ये ते ५५,००० वर आणलं, २०२६ साठी पुन्हा ९१,५००. हे आकडे तुमच्या कोर्सच्या मधेच बदलतात.

याच्यासारखाच, पण नॉमिनेशनपेक्षा वेगळा मार्ग अटलांटिक प्रांतांचा आहे: नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंड अँड लॅब्रॅडॉर. तिथे २ वर्षांचा कोर्स केला, पदवीआधीच्या २ वर्षांत किमान १६ महिने तिथेच राहिलात आणि पदवीनंतर २४ महिन्यांत अर्ज केलात, तर कामाच्या अनुभवाची अट माफ. एक्स्प्रेस एंट्रीच्या गुणांची शर्यतही नाही. हवा तो सरकारने मान्यता दिलेला मालक. ज्याला मोठ्या शहराचं वेड नाही आणि इंग्रजी मध्यम आहे, त्याने टोरँटोच्या आधी हॅलिफॅक्स आणि मंक्टनचे कोर्स बघावेत असं मला मनापासून वाटतं. मात्र हे प्रवेश घेतानाच ठरवायला हवं. टोरँटोत शिकून मग तिकडे गेलात तर ती माफी नाही.

आता फ्रेंच. आपली मुलं याला सगळ्यात शेवटी ठेवतात, मी पहिल्यांदा ठेवेन. वरचाच ४८९ चा मुलगा चारही कौशल्यांत एनसीएलसी, म्हणजे फ्रेंचच्या मोजपट्टीवर, ७ ला पोचला तर त्याला ६२ गुण जादा मिळतात, म्हणजे ५५१. शिवाय फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ निघतात. मार्च २०२५ मधला एक ३७९ वर आला होता. मालक लागत नाही, प्रांत लागत नाही. लागतो तो वेळ. एनसीएलसी ७ म्हणजे युरोपच्या मोजपट्टीवर साधारण बी२. शून्यापासून रोज दीड-दोन तास धरले तरी वर्ष-दीड वर्ष जातं. वाचन लवकर जमतं, अडतं ते ऐकण्यात. सत्त्याण्णव म्हणताना फ्रेंच माणूस ‘चार-वीस-सतरा’ म्हणतो, आणि तुम्ही गुणाकार करेपर्यंत ध्वनिफीत पुढे गेलेली असते. टीईएफ किंवा टीसीएफचा निकाल २ वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा फार आधी देऊनही उपयोग नाही.

अजून निघाला नसाल तर आजपासून फ्रेंच सुरू करा आणि कोर्स किमान २ वर्षांचा किंवा मास्टर्स घ्या. शेवटच्या सेमिस्टरला असाल आणि तुमचा हिशोब ५२० च्या पुढे जात असेल, तर सीईसी धरून टीअर ४ किंवा ५ ची नोकरी घेऊ नका, पहिले दोन महिने रिकामे गेले तरी चालतील. हिशोब ४७० च्या आसपास असेल तर एक वर्ष वाट बघून तो ५२० होत नाही. मालकाला नॉमिनेशनबद्दल मुलाखतीतच विचारा. आणि परमिटचं एकच वर्ष उरलं असेल, तर नव्याने फ्रेंच शिकून वेळेत बी२ गाठणं फार थोड्यांना जमतं. तिथे प्रांतच, आणि नोकरीच्या शोधात छोटी गावंही धरा.