सेकंडरी कॉर्ड्सचा ऑनलाइन कोर्स: शिकवणं अप्रतिम, क्विझ मात्र जपून

दीड महिना रोज रात्री थोडा थोडा करत हा रेकॉर्डेड कोर्स संपवला (सेकंडरी कॉर्ड्स म्हणजे मूळ पट्टीबाहेरचा एखादा सूर घेऊन पट्टीतल्या दुसऱ्या कॉर्डकडे ओढणारे कॉर्ड). कीबोर्ड बरीच वर्षं वाजवतोय, सी मेजरच्या गाण्यात मधेच डी मेजर आला की हात बरोबर जायचा पण तो तिथे का चालतो हे काही कळत नव्हतं, कुणालाही विचारलं तरी 'कानाला गोड लागतं म्हणून' एवढंच उत्तर मिळायचं.

इथे दुसऱ्याच धड्यात सर साधा डी मायनर वाजवून जी वर जातात, मग त्यातला फक्त एफ उचलून एफ शार्प करतात आणि परत जी वर जातात. बस. सी ला सा धरला तर एफ शार्प म्हणजे आपला तीव्र म, आणि जी म्हणजे पंचम, पंचम अगदी शेजारी उभा, त्याला तिथे जाऊन टेकल्याशिवाय चैन पडत नाही. क्षणभर कानाला प हाच सा वाटतो आणि पुढच्याच बारमध्ये सी आला की आपण परत घरी. हेच टॉनिसायझेशन, आणि आधी ऐकवून मग नाव सांगितलं हे मला फार आवडलं.

सी सेव्हनवर तर अख्खा धडा आहे. घरच्याच कॉर्डमध्ये कोमल नी घातला की तो कॉर्ड एफ कडे झुकतो आणि तो नी खाली ध वर उतरतो. बीथोव्हेनची पहिली सिम्फनी, 1800 साली पहिल्यांदा वाजलेली, सी मेजरमधली, ती सुरूच होते सी सेव्हन ते एफ ने, मग जी सेव्हन ते ए मायनर, मग डी सेव्हन ते जी, म्हणजे खरं घर कुठलं हे लगेच कळूच देत नाही. सर हे थांबवून थांबवून ऐकवतात, मी पाच वेळा पाहिलं.

अजून एक गोष्ट, कीबोर्ड असेल तर आत्ता करून बघा. डाव्या हाताने ई, ए, डी, जी, सी आणि उजव्या हातात फक्त दोन सूर, पहिल्यांदा जी शार्प आणि डी, मग प्रत्येक कॉर्डला दोन्ही बोटं अर्धा अर्धा सूर खाली, जी आणि सी शार्प, एफ शार्प आणि सी, एफ आणि बी. शेवटी एफ उतरतो ई वर, बी चढतो सी वर. ई सेव्हन, ए सेव्हन, डी सेव्हन, जी सेव्हन, सगळी साखळी दोन बोटांत! अंगावर काटा आला माझ्या.

मॉड्युलेशनशी, म्हणजे पट्टीच बदलण्याशी, फरकही छान सांगितलाय: जी वर नुसतं डोकावून आलो की टॉनिसायझेशन, आणि तिथेच राहून कॅडेन्सही (ओळ संपवणारा विसावा) जी मध्येच केला तर पट्टीच बदलली. मधे काही जागा अशा असतात की दोन्ही म्हणता येतं, हेही सर मोकळेपणाने सांगतात.

आता तक्रार. क्विझमध्ये ई सेव्हन नंतर एफ निवडला की चूक दाखवतात, फक्त ए मायनरच बरोबर. हे पटलं नाही, कारण जी शार्प ए वर चढतो आणि तो ए एफ मेजरमध्ये आहेच, ही डिसेप्टिव्ह हालचाल (अपेक्षित कॉर्डला चकवून दुसरीकडे जाणं) किती गाण्यांत आहे! दोनदा मेल केला, उत्तर नाही. नवीन शिकणारा मात्र 'असं चालतच नाही' असं धरून बसेल. डिमिनिश्ड सेव्हन (दीड-दीड सुरांच्या अंतराने रचलेला कॉर्ड) पण पाच-सहा मिनिटांत उरकलाय, एफ शार्प डिमिनिश्ड सेव्हन ते जी एकदाच वाजवलं आणि पुढे, त्याला वेगळा धडा हवा होता.

सी मेजरचे सातही कॉर्ड हाताखाली असतील तरच घ्या, नाहीतर तिसऱ्या धड्यापासून दमछाक होईल. आणि हेडफोन लावून बघा, मोबाइलच्या स्पीकरवर बेसच ऐकू येत नाही आणि निम्मी मजा त्यातच आहे. माझ्याकडून 5 पैकी 4, क्विझ दुरुस्त केली तर पाचवा स्टार त्याच दिवशी देईन.