आठ महिने प्रिसिजन खेळल्यावर: टीम ब्रिजमध्ये टू-ओव्हर-वन बरं की प्रिसिजन?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आता आठ महिने झाले तर लिहूनच टाकते. प्रिसिजन आणि टू-ओव्हर-वन म्हणजे ब्रिजमध्ये पत्ते खेळण्याआधी पार्टनरशी बोली बोलायच्या दोन सिस्टिम. मी आणि माझी वहिनी अशी आमची जोडी, दुसऱ्या टेबलावर दादा आणि त्याचा ऑफिसमधला मित्र. दर शनिवारी संध्याकाळी दादरला दादाकडे प्रॅक्टिस, आणि जमेल तशा टीमच्या स्पर्धा. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पेअर्समध्ये गोल्ड मिळवलं ना, तेव्हापासून दादाच्या डोक्यात ब्रिज घुसलं आणि त्याने घरातल्या सगळ्यांना ओढलं. त्याआधी आमच्याकडे पत्ते म्हणजे गणपतीत जागरणाला मेंढीकोट, एवढंच.

दीड वर्ष आम्ही चौघंही टू-ओव्हर-वन खेळलो. मग जूनमध्ये मी आणि वहिनीने प्रिसिजन घेतलं, दादाची जोडी जुन्यावरच राहिली. टीममध्ये एक फार चांगलं असतं, तेच बोर्ड (म्हणजे वाटलेले डाव) दोन्ही टेबलांवर खेळतात, म्हणजे आमचेच पत्ते तिकडे समोरच्या टीमच्या हातात असतात, आणि ते लोक बहुतेक टू-ओव्हर-वनच खेळतात. त्यामुळे मॅच संपल्यावर स्कोअर जुळवायला बसलं की आपली सिस्टिम कुठे कामाला आली आणि कुठे नडली ते लगेच दिसतं. प्रत्येक मॅचनंतर मी हे वहीत लिहून ठेवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रिसिजन सी. सी. वेई नावाच्या शिपिंगवाल्या गृहस्थांनी बनवली आणि १९६९ मध्ये तैवानची टीम ती खेळून बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेच्या फायनलपर्यंत गेली, तेव्हा सगळ्या जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १६ किंवा जास्त पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) असले की १ क्लबने ओपन करायचं, म्हणजे पहिली बोली तीच लावायची, मग क्लबचे पत्ते असोत नसोत. बाकी एकच्या लेव्हलची सगळी ओपनिंग ११ ते १५ मध्ये. टू-ओव्हर-वनमध्ये १ स्पेड म्हणजे १२ पण असू शकतात आणि २० पण, मात्र पार्टनरने नवीन सूट दोनच्या लेव्हलला सांगितला की गेमपर्यंत (मोठा बोनस मिळतो ती बोली, जसं ४ स्पेड) थांबायचं नाही, मग निवांत बोलत बसा.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं प्रिसिजनचा फायदा म्हणजे तो स्ट्राँग क्लब. मलाही तसंच वाटायचं. पण १६ किंवा जास्तचा हात साधारण दहातून एकदा येतो, म्हणजे २४ बोर्डांच्या मॅचमध्ये आमच्या जोडीला मिळून चार-पाचदा, आणि त्यातल्या दोनदा तरी समोरचा आधीच ओपन करून बसलेला असतो. खरा फायदा बाकीच्या ओपनिंगमध्ये आहे, कारण ती सगळी १५ ला बंद असतात आणि रिस्पॉन्डरला (ओपन करणाऱ्याच्या पार्टनरला) पहिल्याच फेरीत कळतं की आपण कुठे जाणार आहोत.

एक बोर्ड सांगते, अजून डोळ्यासमोर आहे. आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे त्या डावात बोनसही जास्त आणि दंडही जास्त), ते नाही. वहिनीने १ स्पेड ओपन केलं. माझ्याकडे स्पेडची राणी, दश्शी, छक्की, दुर्री, हार्टचा एकच पंजी, डायमंडचा एक्का-गुलाम चौथा आणि क्लबचा राजा चौथा. दहा पॉइंट. मी सरळ ४ स्पेड सांगितलं. वहिनीकडे जास्तीत जास्त १५, म्हणजे स्लॅमचा (तेरापैकी बारा-तेरा ट्रिकची बोली) विचारच नाही, मग बोलून समोरच्याला माहिती कशाला द्यायची? आणि समोरच्याला कळेना की माझा हात कमजोर आहे की चांगला, कारण आमच्यात दोन्ही हातांवर ४ स्पेडच सांगतात. तो बराच वेळ पत्त्यांकडे बघत बसला आणि मग पास केलं. ६२० आमचे. दुसऱ्या टेबलावर त्यांच्या लोकांनी टू-ओव्हर-वनच्या पद्धतीने ४ हार्ट स्प्लिंटर दिला, म्हणजे हार्ट एकच आहे आणि स्पेडचा फिट आहे, म्हणजे दोघांत मिळून स्पेड भरपूर आहेत. दादाला तिथे स्वस्तात डबल करून हार्ट दाखवता आले, त्याच्या मित्राने ५ हार्टचा सॅक्रिफाइस घेतला (हरणार हे माहीत असून समोरच्याचा गेम अडवायला लावलेली बोली), तिकडून दंड वाढवायला डबल होऊन दोन डाऊन म्हणजे दोन ट्रिक कमी, ३०० गेले. एकूण ३२० आमच्याकडे, म्हणजे ८ इम्प (दोन टेबलांच्या फरकावरून टीमला मिळणारे गुण). आता यात दादाची पण हुशारी आहे हे मान्य, पण त्याला बोलायला जागा मिळाली म्हणून तो बोलला, आमच्या टेबलावरच्या माणसाला ती जागाच मिळाली नाही.

असे छोटे छोटे फायदे माझ्या वहीत सगळ्यात जास्त आहेत. गेमच्या निर्णयाचंही तेच. टीममध्ये व्हल्नरेबल गेम सोडला तर ६२० च्या जागी १७० मिळतात, १० इम्प जातात, आणि सांगून एक डाऊन गेलं तर १४० च्या जागी उणे १००, म्हणजे ६ इम्प. म्हणून चाळीस टक्क्यांच्या आसपास चान्स असला तरी सांगायचाच. पण त्यासाठी पार्टनरकडे काय आहे ते आधी कळायला हवं, आणि लिमिटेड ओपनिंगमध्ये ते फार लवकर कळतं, आमंत्रणं देत बसावं लागत नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं कौतुक वाचून कोणी उद्यापासून सुरू केलं तर फसेल. प्रिसिजनमध्ये १ क्लब सांगितलं की समोरचे एकदम मोठ्या बोलीवर उड्या मारतात, आणि चांगल्या टीम हमखास मारतात. आम्ही व्हल्नरेबल, वहिनीचा १ क्लब, उजवीकडून ३ स्पेड. माझ्याकडे स्पेड एकच, हार्ट चार, पॉइंट सहा. आमच्या नियमाने पास, कारण डबलला आठ तरी हवेत. वहिनीकडे १६, पाच हार्ट आणि तीन लहान स्पेड, तिने तिचा सूट अजून सांगितलेलाच नाही, आणि माझ्याकडे शून्य पण असू शकतात, मग ती बिचारी व्हल्नरेबल चारच्या लेव्हलला कशी जाणार. पास. ३ स्पेड दोन डाऊन, आम्हाला १००. तिकडे ओपनिंगच १ हार्ट, त्यावर ३ स्पेड, आणि माझ्या जागेवरच्याने एका सेकंदात ४ हार्ट. ६२०. गेले ११ इम्प. घरी येताना टॅक्सीत वहिनी म्हणाली, अगं, तुझ्या चार हार्टचं मला कळलं असतं तर, आणि मला खरंच वाईट वाटलं कारण दोघींनीही नियमाप्रमाणेच केलं होतं, चूक कोणाचीच नव्हती. नंतर तीन शनिवार आम्ही फक्त हेच केलं, मी पत्ते वाटायचे, दादाने १ क्लबवर काहीही अडथळा घालायचा आणि आम्ही बोलायचं. आता समोरच्याच्या सूटमध्ये पत्ते कमी असलेला पाच-सहा पॉइंटचा हात असला तर तीनच्या लेव्हलपर्यंत आम्ही डबल करतो. त्याने बरंच सुधारलंय.

१ डायमंड मला अजूनही आवडत नाही. डायमंड दोनच असू शकतात, त्यामुळे पार्टनरला पाच असले तरी धड सपोर्ट करता येत नाही. २ डायमंडचं ओपनिंग, म्हणजे डायमंड शॉर्ट आणि बाकी तीन सूट, आठ महिन्यांत मोजून तीनदा आलं आणि त्यासाठी पाठ केलेलं चार पानी उत्तर वहिनी एकदा आणि मी एकदा विसरलो. टू-ओव्हर-वनच्या आमच्या नोट्स सहा पानं होत्या, प्रिसिजनच्या एकोणीस झाल्यात. मी त्याचे फोटो फोनमध्ये ठेवून लोकलमध्ये वाचते, ठाण्यापर्यंत दोन पानं होतात. अजून एक अडचण, बीबीओवरचे (ऑनलाइन ब्रिजची साइट) रोबोट टू-ओव्हर-वन खेळतात, त्यामुळे एकटीने प्रिसिजनचा सराव करायचा तर त्यांचा उपयोग नाही, पार्टनरलाच धरावं लागतं.

स्लॅममध्ये मात्र माझं मत बदललं. आधी वाटायचं टू-ओव्हर-वनला तोड नाही, आणि १ स्पेड–२ डायमंड अशी सुरुवात झाली तर खरंच नाही. पण ओपनरकडे १९ आणि पार्टनरकडे ९ असा हात टू-ओव्हर-वनमध्ये तीनच्या लेव्हलला उडी मारल्यावर कळतो, आमच्यात १ क्लब, १ स्पेड, झालं, एकच्या लेव्हललाच गेम फोर्स.

कोणी विचारलं कोणती घ्यावी तर मी आधी विचारते, पार्टनर कायमचा आहे का? दर महिन्याला वेगळ्या माणसाबरोबर बसत असाल तर टू-ओव्हर-वनच घ्या, मुंबईत कोणाबरोबरही पाच मिनिटांत जमतं. पण एकच पार्टनर असेल, आठवड्यातून एकदा तरी दोघं बसत असाल आणि टीम खेळत असाल तर प्रिसिजन द्या सहा महिने. पहिले दोन महिने हराल, आम्ही सलग चार मॅच हरलो होतो.

दादा काही बदलणार नाहीये आणि त्याने बदलावं असं मलाही वाटत नाही, त्याच्या मित्राला गेल्या वर्षीच्या सिस्टिमचंही सगळं अजून पक्कं झालेलं नाही. आम्ही दोघींनी १ नोट्रम्प (हुकूम नसलेली बोली) १३–१५ वरून १४–१६ केलंय, म्हणजे १३ चे बॅलन्स्ड (चारही सूट साधारण सारखे असलेले) हात पण त्या १ डायमंडमध्येच जाणार. या शनिवारी तेच बघायचंय.