२२० पदार्थांचा रिपोर्ट आणि माझे ५४,५०० रुपये

चार वर्षं पोटाचं रडगाणं चालू आहे. सकाळी तीनदा पातळ संडास, आधी कळ, झालं की जरा बरं. एसटीत बसायचं म्हटलं की घाम. हसणार असाल तर आधी हे भोगून बघा.

'आयबीएस मुळापासून बरा' अशी एका बाईंची जाहिरात दिसली. (आयबीएस म्हणजे आतड्याला सूज नसताना पोट सतत बिघडण्याचा त्रास.) घरी येऊन रक्त नेलं, २२० पदार्थांची 'फूड इनटॉलरन्स' तपासणी, १३,८०० रुपये. अठरा पानी रिपोर्ट आला. लाल खुणा ज्वारी, गहू, तूरडाळ, शेंगदाण्यावर. हिरव्या खुणा किवी, शिंपले, टर्कीच्या मांसावर. बायको चष्मा लावून म्हणाली, "अहो, आपण रोज खातो तेवढंच लाल आहे की!" मी खेकसलो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

तिलाच कळलं होतं. ती आयजीजी नावाच्या अँटिबॉडीची तपासणी. जे खातो त्याच्याच अँटिबॉडी त्यात दिसतात, त्यावरून आजार ठरत नाही. तिथेच तो रिपोर्ट फाडायचा. मी उलट त्याच बाईंकडून ३६,५०० चं तीन महिन्यांचं पथ्याचं पॅकेज घेतलं, वर ४,२०० ची पावडर. डब्यावर बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही. असलं काही तोंडात घालू नका. वजन ९ किलो उतरलं, संडास तेवढेच.

पैसे मागितले तर नंबर ब्लॉक. (स्क्रीनशॉट त्याआधीच काढून ठेवा.) चौकीत हवालदार हसला, "जुलाबाची तक्रार इथं? पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" एका कचेरीत म्हणाले, पावडर औषध नाही, अन्न आहे. पलीकडच्या टेबलावर म्हणाले, तपासणीचं आमच्याकडे येत नाही. तिसरीकडे तर कहर: बाई डॉक्टरच नाहीत, मग कारवाई कशी करणार? म्हणजे डॉक्टर नसणं हीच तिची ढाल! सहा अर्ज दिले, पोच दोनाचीच.

शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, फी ७००. रात्री झोपेतून उठावं लागतं का, रक्त पडतं का, असे अर्धा तास प्रश्न. (रक्त पडत असेल तर आयबीएस समजून घरी बसू नका.) ९ किलो ऐकून ते चमकलेच. पॅकेजमध्ये गहू बंद, त्यामुळे सीलिएकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार) तपासणी भरवशाची येईना. सहा आठवडे पोळ्या खाऊन मग रक्त दिलं. ते नॉर्मल. शौचातलं कॅलप्रोटेक्टिनही नॉर्मल, म्हणजे आतड्याला सूज नाही. जुलाबवाला आयबीएसच. कांदा, लसूण, गहू, दूध काही आठवडे बाजूला, मग एकेक परत आणून बघायचं, प्रवासाआधी लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी. 'मुळापासून बरं' हे शब्द त्यांनी तोंडातून काढले नाहीत.

गव्हाऐवजी काय खाऊ विचारलं, तर म्हणाले, ज्वारीची भाकरी. लाल यादीत पहिलं नाव तिचंच होतं.