तालुक्याच्या गावात फास्ट फूडची फ्रँचायझी: पॅकेज पारखताना

चिपळूण, कणकवली, कुडाळसारख्या गावांत बर्गर-पिझ्झाच्या कंपन्या आपल्या नावाने चालवायच्या छोट्या आउटलेटचं जे तयार पॅकेज विकतात, त्यातलं स्वयंपाकघर खरोखर चांगलं असतं. फ्रायरला टायमर, सॉसचं माप ठरलेलं, नवा मुलगाही लवकर तयार होतो. त्याला पूर्ण गुण. घोळ आहे तो पगाराच्या आकड्यात.

कागदावर सहा माणसं असतात. दोन पाळ्या, प्रत्येकीत काउंटर, फ्रायर आणि पॅकिंगला एकेक, म्हणजे आठवड्याच्या 42 पाळ्या. साप्ताहिक सुट्टी दिली तर एक माणूस सहाच पाळ्या करतो. माणसं सात लागतात. सहांत भागवलं की कुणाची तरी सुट्टी बुडते, आणि जादा कामाचा दुप्पट दर हिशेबात कुठेच नसतो.

आता गणित मांडू. विक्री महिना 4 लाख धरा. कच्चा माल 40 टक्के, 1,60,000. कंपनीचं नाव वापरण्याची रॉयल्टी विक्रीच्या 6 आणि जाहिरात 2 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 37,760. रेस्टॉरंट 5 टक्के जीएसटीत असल्याने या कराची वजावट मिळत नाही. भाडं 35,000, वीज-गॅस 30,000, सात पगार 13,000 प्रमाणे 91,000. उरले 46,240. वीस लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ता 11 टक्क्यांनी साधारण 43,500. मालकाच्या हाती तीन हजारसुद्धा नाहीत!

हे झालं बऱ्या महिन्याचं. पावसाळ्यात पर्यटक नसतो. विक्री अडीच लाखांवर आली तर हप्त्याआधीच 29,600 चा तोटा. रॉयल्टी नफ्यावर नाही, विक्रीवर असते, त्यामुळे कंपनीला तोट्याची झळ लागत नाही. भाडं, हप्ता हलत नाही. हलतो तो पगार, आणि नेमका जुलैत किमान वेतनाचा विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) नव्याने ठरतो. मग दोन मुलांना 'गणपतीनंतर ये' सांगितलं जातं. चाकरमानी गावी आले की गर्दी उसळते, तेव्हा शिकलेला हात नसतो. जे असतात त्यांनाही घरचा गणपती असतोच. दहापेक्षा कमी माणसांमुळे ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, वीसपेक्षा कमी म्हणून पीएफ सक्तीचा नाही. हातावर तेल उडालं तर औषधपाणी कुणी करायचं? हे करारात लिहिलेलं नसतं, आणि ते मला फार खटकतं.

शिवाय वीज गेली की उणे 18 अंशांचा फ्रीझर सांभाळायला जनरेटर लागतो, घाट बंद झाला की मालाची गाडी अडकते. दोन्हींचा खर्च मालकाचाच.

जागा स्वतःची असेल आणि कर्ज निम्मं असेल तरच विचार करावा. सहीआधी तीन गोष्टी लेखी घ्या: जून ते सप्टेंबर रॉयल्टी अर्धी, किमान रॉयल्टीची अट नाही, आणि पाव, कांदा, बटाटा, भाजी स्थानिक बाजारातून घेण्याची मुभा. कंपनी नाही म्हणाली तर तोच फ्रायर घेऊन स्वतःच्या नावाने दुकान काढा. वर मांडलेल्या हिशेबात महिन्याचे 37,760 वाचतात, म्हणजे जवळजवळ तीन पगार.