तानपुऱ्याचा डबा, साडेआठ महिने आणि एक आगंतुक तीव्र मध्यम

परवा माझा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा एकदाचा नीट झाला आणि तोही ६० रुपयांत, म्हणून शांत डोक्याने लिहायला बसलोय. पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं असतं तर अर्ध्या शिव्याच असत्या.

मला गाता येत नाही, शिकायचंही नाही. मला फक्त शास्त्रीय ऐकता यावं एवढंच होतं. गेल्या वर्षी सवाई गंधर्व महोत्सवाला मेव्हण्याकडे एक जादा पास होता, फुकट आहे म्हणून डोंबिवलीहून पुण्याला गेलो, मुकुंदनगरला. गायक बसले आणि दोन तानपुरे लावण्यात बराच वेळ गेला, मी मेव्हण्याच्या कानात म्हटलं हे आतूनच करून यायला काय होतं यांना. तो म्हणाला, अरे हेच तर ऐकायचं असतं. पुढे विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल सुरू झाला आणि मी चक्क झोपलो. परत येताना गाडीत तो म्हणाला, पुस्तकं वाचत बसू नकोस, थाट (रागांचे गट) दहा आहेत की बारा याच्याशी तुला काय करायचंय, रोज दहा मिनिटं नुसता तानपुरा ऐक आणि मग रेकॉर्डिंग लाव.

आधी अर्थातच फुकटचं अ‍ॅप घेतलं. तीन आठवडे वापरलं. मोबाईलच्या स्पीकरवर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार ऐकूच येत नाही, नुसती माशी फिरल्यासारखं वाटतं, आणि मध्येच सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा मेसेज टिंग करून येतो. म्हणून डबा घेतला, ४६५० सांगितले, ४४०० ला घासून आणला. अ‍ॅपला चांगला स्पीकर जोडला असता तर काम भागलं असतं हे मला चौथ्या महिन्यात सुचलं. हिने ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं असं तिचं म्हणणं आहे.

आता डब्याच्या नॉबबद्दल. आवाजाचा नॉब ठीक, लयीचा ठीक, पट्टी (सा किती उंच धरायचा ते) निवडायचा कटकट आवाज करत फिरतो तोही ठीक. पण बारीक सूर जुळवायचा जो नॉब आहे त्याला ना खूण ना खाच, लोण्यासारखा फिरतो. मी वीस मिनिटं घालवून सूर जुळवायचा आणि सकाळी धूळ पुसणाऱ्या मावशींचं फडकं त्याच्यावरून गेलं की गेला. साडेचार हजाराच्या वस्तूला मधोमध एक ठिपका देता येत नाही? मी हिच्या नेलपॉलिशने ठिपका दिला. तो पुसला गेला. मग कंपासपेटीतल्या करकटकाने ओरखडा मारला. तरी नॉब हलायचा तो हलतोच.

आणि मजा म्हणजे याच नॉबने मला ऐकायला शिकवलं. आधी मला तो नॉब म्हणजे शुद्ध फसवणूक वाटत होता. पण मी करायचो काय, की रेकॉर्डिंग लावायचं, त्यातला सा कुठला ते शोधायचं, आणि डबा त्याला जुळवायचा. सुरुवातीला मी सा समजून चक्क पंचमाला, म्हणजे प ला, जुळवून मोकळा व्हायचो, ऐकायला गोडच लागायचं, मग गाणारा सम (तालाची पहिली मात्रा) गाठून जिथे टेकायचा तिथे डबा दुसरीकडेच. असं बऱ्याचदा झालं. दोनेक महिन्यांनी मात्र कान आपोआप सा पकडायला लागला, आता दोन मिनिटांत होतं. आणि एकदा सा कानात बसला की बाकीच्या सुरांची नावं नाही कळली तरी कोण घरापासून किती लांब गेलाय ते कळतं. गाणारा वरच्या नि वर जाऊन थांबला की आता मला इथे खुर्चीत चुळबूळ सुटते, कधी एकदा सा लावतोय असं होतं. हेच त्या दिवशी पुण्यात घडत होतं आणि मी घोरत होतो.

मालकंस रागाच्या वेळी फजिती झाली. डबा पंचमावर ठेवूनच मालकंस लावला आणि काहीतरी कचकच लागलं, जसं वरणात साखर पडलीय. मेव्हण्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. मालकंसात पंचम नाहीच, तिथे पहिली तार मध्यमाला लावतात. मारवा, पूरियाला निषाद लावतात. डब्यावर ते प, म, नि असं लिहिलेलं बटण सहा आठवडे माझ्यासमोर होतं, मला वाटलं मॉडेलचं काहीतरी असेल.

भूप आणि देशकार या रागांमध्ये मी अजूनही मार खातो. दोघांचे सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूप गंधारावर (ग) रेंगाळतो आणि संध्याकाळचा, देशकार धैवतावर (ध) आणि सकाळचा. मी घड्याळ बघून ओळखतो असा घरात आरोप आहे. तालाचं म्हणाल तर काहीच झालेलं नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजतो, विलंबित एकतालात बारा मात्रांच्या मध्ये एवढं रान पडलेलं असतं की मी तिसऱ्या मात्रेलाच हरवतो. तबलावाला डबा वेगळा मिळतो, घेणार नाही.

मधे मिरजेला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा खऱ्या तानपुऱ्याच्या दुकानात डोकावलो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तिथे गेलो की बघायचंच ठरवलं होतं. एक म्हातारे कारागीर जव्हारी काढत, म्हणजे तारेचा गुंजारव जुळवत, बसलेले. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) प्रत्येक तारेखाली एक सुती दोरा असतो, तो त्यांनी नखाने केसभर पुढे सरकवला, तार छेडली, सपाट आवाज. परत केसभर मागे. आणि एकदम ती तार उघडली हो, भुंगा आत शिरल्यासारखी. मग म्हणाले, खर्जाची तार ऐका, संपत येते तेव्हा ऐका. मी कान लावला. आणि तिथे स्वच्छ गंधार. प सा सा सा अशा चार तारा, गंधाराची तार कुठेच नाही, तरी तो ऐकू येतो, खर्जाच्याच पोटातून वर येतो. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही. त्यांना रोजचंच, ते पुढच्या तारेला लागले.

घरी आल्यावर डब्यात तो गंधार शोधला. आहे, पण पुसट. शिवाय डब्याचं प्रत्येक आवर्तन सेम टू सेम, छापल्यासारखं. मिरजेहून आल्यावर आठवडाभर मी डब्याकडे रागानेच बघत होतो. मग किमती आठवल्या, आणि दोन खोल्यांच्या घरात चार-साडेचार फुटी तानपुरा ठेवणार कुठे, त्यामुळे राग गेला.

आता मुख्य भांडण. सातव्या महिन्यात एका संध्याकाळी काळी एक पट्टीतलं (पेटीची पहिली काळी पट्टी म्हणजे सा) भूपाचं रेकॉर्डिंग लावलेलं, डबा जुळवलेला, आणि काहीतरी सारखं टोचायला लागलं. आदल्या आठवड्यात यमन राग ऐकत होतो तेव्हा असं काही वाटलं नव्हतं. ही म्हणाली फ्रीज असेल. फ्रीज बंद केला. पंखा बंद केला. तरी हं हं हं चालूच. शेवटी अ‍ॅडॅप्टर काढून डबा सेलवर लावला आणि घूं गायब! शेजारच्या काकूंकडे पेटी आहे, त्यांना बोलावून ती घूं पेटीवर शोधली तर पांढरी पाच, किंचित चढी. आपल्या विजेची घूं १०० हर्ट्झची, ती तिथेच येऊन बसते. आणि काळी एकचा सा धरला तर पांढरी पाच म्हणजे काय? तीव्र मध्यम, म्हणजे चढा म! यमनात तीव्र मध्यम असतोच, त्यामुळे अ‍ॅडॅप्टर बिनबोभाट साथीला बसला होता. भूपात मध्यमच नाही, तिथे चोर पकडला गेला. सात महिन्यांपूर्वी मला सा आणि प मधला फरक कळत नव्हता, इथे मी अ‍ॅडॅप्टरचा सूर ओळखला. पैसे वसूल झाले असं मला पहिल्यांदा त्या रात्री वाटलं.

सर्व्हिसला फोन केला. मी काय घडलं ते सगळं नीट सांगितलं, तर पलीकडचा म्हणतो, सर थोडा हमिंग नॉर्मल है. मी म्हटलं अहो नॉर्मल कसं, तुमचा अ‍ॅडॅप्टर भूपात तीव्र मध्यम लावतोय. दहा सेकंद शांतता. मग म्हणे सर आप व्हॉल्यूम कम रखिए. पुढे कळलं की डब्याला वर्षाची वॉरंटी, अ‍ॅडॅप्टरला मात्र सहाच महिने, हे कार्डावर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात. नवीन अ‍ॅडॅप्टर ८५० आणि कुरियर आपला. तीन मेल, पाच फोन, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी भूपापासून सुरुवात.

शेवटी स्टेशनजवळ एक रेडिओ-टीव्हीवाले आहेत, पूर्वी गर्दी असायची, आता बहुतेक रिमोटच दुरुस्त करतात. त्यांनी अ‍ॅडॅप्टर उघडला, आतला एक कपॅसिटर टोकाला फुगलेला दाखवला, म्हणाले हा थकला की घूं बाहेर येते. दुसरा टाकला. ६० रुपये. वरून विचारलं, तुम्हाला ऐकू कसं आलं, लोकांना तर कळत नाही. मी म्हटलं भूप लावला होता. ते म्हणाले, अच्छा, मग बरोबर, आणि काळी एक असणार. म्हणजे तेही ऐकणारे निघाले! पाऊण तास तिथेच उभा होतो, मालिनीताई राजूरकरांच्या टप्प्यांवर (टप्पा हा गाण्याचा एक प्रकार) गप्पा.

तर कोणाला डबा घ्यायचा असेल तर दुकानात आधी सेलवर आणि मग अ‍ॅडॅप्टरवर असा दोन्हीवर चालवून बघा, काळी एक लावा, तार थांबवून आवाज मोठा करून कान लावा, आणि दुकानदाराला पंखा बंद करायला सांगा. वॉरंटी कार्ड उलटं करून वाचा. नॉबवर मी सध्या औषधाच्या पट्टीची चिकटपट्टी मारलीय. मावशींनी काल तीही काढली, म्हणाल्या कचरा वाटला.